वेदनाशामक औषधे आणि शरीरांतर्गत कॅनॅबिनॉइड प्रणाली

प्रस्तावना :
ताप, डोकेदुखी, अंगदुखी यांवर पॅरासिटामॉल व आयब्युप्रोफेन ही औषधे सर्वत्र वापरली जातात. पॅरासिटामॉलचा वैद्यकीय वापर १८९३ मध्ये सुरू झाला. तथापि ते वेदना नेमकी कशी शमविते, याविषयी आजही मतभिन्नता आहे. या शोधाचा एक धागा शरीरातील नैसर्गिक कॅनॅबिनॉइड प्रणालीपर्यंत पोहोचतो. प्रस्तुत लेखात या संबंधाचा परामर्श घेतला आहे.

प्रणालीचे स्वरूप :
इस्रायलमधील राफाएल मेशुलम व येहिएल गाओनी यांनी १९६४ मध्ये गांजातील टीएचसी हा मादक घटक शुद्ध स्वरूपात वेगळा केला. १९९० मध्ये या घटकाला प्रतिसाद देणाऱ्या सीबी-१ या ग्राहीची रचना उलगडली. शरीर स्वतः असा कोणता पदार्थ निर्माण करते, या प्रश्नाचे उत्तर १९९२ मध्ये मिळाले. त्या पदार्थास संस्कृत 'आनंद' या शब्दावरून 'आनंदामाइड' हे नाव देण्यात आले. पुढे १९९५ मध्ये २-एजी हा दुसरा पदार्थ ज्ञात झाला. हे पदार्थ गरजेनुसार तयार होतात आणि विकरांच्या साहाय्याने त्यांचे शीघ्र विघटन होते.

वेदनाशामकांचे कार्य :
स्वीडनमधील संशोधकांनी २००५ मध्ये दाखविले की, पॅरासिटामॉलपासून प्रथम पॅरा-अमिनोफिनॉल तयार होते व मेंदूत त्याचा अ‍ॅराकिडोनिक आम्लाशी संयोग होऊन एएम-४०४ हे संयुग बनते. विशेष म्हणजे, आनंदामाइडचे विघटन करणारे एफएएएच हे विकरच हा संयोग घडवून आणते. एएम-४०४ मुळे आनंदामाइडचे पेशींत होणारे शोषण मंदावते. उंदरांना सीबी-१ रोधक दिल्यास पॅरासिटामॉलचा वेदनाशामक परिणाम नाहीसा होतो, असेही प्रयोगांत आढळले.

आयब्युप्रोफेनचा मार्ग निराळा आहे. ते कॉक्स विकरांना अटकाव करून प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती घटविते. कॉक्स-२ हे विकर आनंदामाइड व २-एजी यांचेही रूपांतर करीत असल्याने, त्याच्या रोधामुळे हे पदार्थ अधिक काळ टिकू शकतात.

मात्र २०२५ मध्ये अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठातील संशोधनाने वेगळी बाजू मांडली. त्यानुसार पॅरासिटामॉल २-एजी तयार करणाऱ्या विकरास रोखते. म्हणजेच या प्रणालीची वाढ नव्हे, तर तिच्या एका अंगाची घटही वेदनाशमनास कारण ठरू शकते.

व्यावहारिक महत्त्व :
पॅरासिटामॉलची अतिमात्रा यकृतास घातक असते. निरोगी प्रौढांसाठी दिवसाला ४ ग्रॅम ही कमाल मर्यादा मानली जाते. कार्यपद्धती नेमकी कळल्यास अधिक सुरक्षित औषध घडविणे शक्य होईल. परंतु घाई धोकादायक ठरते. फ्रान्समधील रेन येथे जानेवारी २०१६ मध्ये एफएएएच-रोधक औषधाच्या चाचणीत एका निरोगी स्वयंसेवकाचा मृत्यू झाला व इतर काहींच्या मेंदूस इजा झाली.

निष्कर्ष :
परिचित गोळीचे कार्यही एकाच मार्गाने होत नाही. कॅनॅबिनॉइड प्रणाली हा त्यातील एक मार्ग आहे. तो वेदनाशमनाचे संपूर्ण स्पष्टीकरण नसला, तरी त्यास वगळून ते पूर्णही होत नाही.