खोडदच्या तीस तबकड्या आणि क्षीण संकेतांची बेरीज

पुणे जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यातल्या खोडद गावी उभी असलेली जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजेच जीएमआरटी, ही मीटरभर लांबीच्या रेडिओ लहरी टिपणाऱ्या जगातल्या सर्वांत मोठ्या दुर्बिणींपैकी एक आहे. ती एक दुर्बीण नसून तीस आहेत. प्रत्येक तबकडीचा व्यास 45 मीटर. त्यांतल्या चौदा साधारण एक किलोमीटर लांबी-रुंदीच्या जागेत दाटीने उभ्या आहेत, तर उरलेल्या सोळा इंग्रजी वाय अक्षराच्या तीन भुजांवर, सुमारे 25 किलोमीटरच्या परिसरात, द्राक्षबागा आणि टोमॅटोच्या शेतांमधून विखुरल्या आहेत. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून टाटा मूलभूत संशोधन संस्थेने ही दुर्बीण उभारली. 2002 पासून ती जगभरच्या शास्त्रज्ञांसाठी खुली आहे आणि तिचा कारभार पुण्याचे राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र पाहते.

तबकडीच्या जवळ गेले की पहिली गोष्ट डोळ्यांत भरते ती अशी, की तिच्या आरपार आकाश दिसते. पत्रा कुठेच नाही. अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जाड अशा स्टेनलेस स्टीलच्या तारांची जाळी दोरखंडांच्या सांगाड्यावर ताणून बसवली आहे. जाळीची छिद्रे जागेप्रमाणे एक ते दोन सेंटिमीटरची. वीस सेंटिमीटर किंवा त्याहून लांब लहरीला ही छिद्रे जाणवतच नाहीत, तिच्या दृष्टीने तो सलग आरसा असतो. वारा मात्र जाळीतून निघून जातो, त्यामुळे सांगाडा हलका ठेवता आला आणि खर्च आवाक्यात राहिला. भारतीय अभियांत्रिकीतल्या सर्वांत देखण्या युक्त्यांमध्ये हिची गणना व्हायला हवी.

रेडिओ लहरींना ढग अडवत नाहीत, दिवसाचा उजेडही नाही. जव्हार-मोखाड्याच्या पट्ट्यात साखरशेतसारख्या गावात हिवाळ्याच्या रात्री आकाशगंगेचा पट्टा डोळ्यांनी दिसतो, पण आषाढ-श्रावणात दिवसच्या दिवस एक ताराही नजरेस पडत नाही. त्याच पावसात, सह्याद्रीच्या घाटमाथ्यापलीकडे, खोडदच्या तबकड्यांचे काम चालू असते. त्यांना खरा त्रास होतो तो माणसाच्या गोंगाटाचा: मोबाइल मनोरे, विजेच्या तारांवरच्या ठिणग्या, बिघडलेली उपकरणे. खोडदची निवड झाली त्यामागे डोंगरांचा आडोसा आणि शहरांपासूनचे अंतर ही कारणे होती. आता तो एकांत टिकवणे हेच मोठे काम झाले आहे.

आकाशातून येणारा संकेत एवढा क्षीण असतो, की एका तबकडीला त्यातले फारसे काही कळत नाही. म्हणून तीस तबकड्यांचे संकेत ऑप्टिकल फायबरवरून एका ठिकाणी आणतात आणि प्रत्येक तबकडीची जोडी इतर प्रत्येकीशी जुळवतात. अशा 435 जोड्या होतात. 2019 मध्ये पूर्ण झालेल्या सुधारणेत एका वेळी टिपता येणारा वारंवारतेचा पट्टा 32 मेगाहर्ट्‌झवरून 400 मेगाहर्ट्‌झपर्यंत रुंदावला. अलीकडचे दोन महत्त्वाचे शोधप्रयत्न या सुधारणेमुळेच शक्य झाले.

पहिला हायड्रोजनचा. तटस्थ हायड्रोजन अणूतल्या इलेक्ट्रॉनची फिरकी उलटली की 21 सेंटिमीटर लांबीची लहर बाहेर पडते. एकट्या अणूच्या बाबतीत हे सुमारे एक कोटी वर्षांतून एकदा घडते. पण दीर्घिकेत अणूंची संख्याच अफाट असल्याने संकेत तयार होतो. विश्व प्रसरण पावत असल्यामुळे दूरच्या दीर्घिकेची लहर वाटेत ताणली जाते. सुमारे आठ अब्ज वर्षांपूर्वी निघालेली 21 सेंटिमीटरची लहर खोडदला पोहोचते तेव्हा ती 42 सेंटिमीटरची झालेली असते.

इतक्या दूरच्या एकेका दीर्घिकेचा संकेत गोंगाटात पार बुडालेला असतो. आदित्य चौधरी, निसीम काणेकर, जयराम चेंगलूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावर बेरजेचा मार्ग काढला. प्रकाशीय दुर्बिणींच्या नोंदींवरून 7,653 दीर्घिकांची अंतरे आधीच माहीत होती. म्हणजे प्रत्येकीचा संकेत नेमक्या कोणत्या वारंवारतेवर शोधायचा हे ठाऊक होते. ते सगळे तुकडे एकावर एक ठेवले. गोंगाट दर वेळी वेगळा असल्याने तो बेरजेत विरत गेला, हायड्रोजनचा संकेत मात्र वर आला. 2020 मध्ये नेचरमध्ये आलेला निष्कर्ष असा: त्या काळच्या दीर्घिकांत हायड्रोजन भरपूर होता, पण तारे इतक्या झपाट्याने जन्मत होते की तो साठा एक-दोन अब्ज वर्षांतच संपला असता. बाहेरून पुरेसा वायू आला नाही, की ताऱ्यांची निर्मिती मंदावणारच. विश्वातला ताऱ्यांचा जन्मदर गेल्या आठ अब्ज वर्षांत का घसरला, याचे हे आजवरचे सर्वांत थेट उत्तर आहे.

दुसरा प्रयत्न स्पंदकांचा. स्पंदक म्हणजे वेगाने फिरणारा न्यूट्रॉन तारा. दीपगृहाच्या झोतासारखा त्याचा रेडिओ झोत पृथ्वीवरून फिरत राहतो. काही स्पंदक सेकंदात शेकडो वेळा फिरतात आणि त्यांची नियमितता उत्तम अणुघड्याळांच्या बरोबरीने सांगितली जाते. दूरच्या दीर्घिकांच्या केंद्रांत महाकाय कृष्णविवरे जोडीने एकमेकांभोवती फिरतात, तेव्हा अनेक प्रकाशवर्षे लांबीच्या गुरुत्वीय लहरी निघतात. त्या अवकाश ताणतात-आवळतात, त्यामुळे स्पंदकांचे ठोके अगदी किंचित लवकर किंवा उशिरा पोहोचतात. आकाशातल्या कोणत्याही दोन स्पंदकांचा उशीर एकमेकांशी किती जुळेल, हे त्यांच्यातल्या कोनावर अवलंबून असते. हेलिंग्स आणि डाउन्स यांनी 1983 मध्ये हा संबंध मांडला. गुरुत्वीय लहरींची खरी खूण तीच.

अडचण अशी, की उशिराला दुसरेही कारण असते. ताऱ्यांमधल्या जागेत मोकळे इलेक्ट्रॉन असतात आणि ते कमी वारंवारतेच्या लहरीला जास्त रोखतात. वारंवारता निम्म्यावर आली की हा उशीर चौपट होतो. इलेक्ट्रॉनांचे प्रमाण दिवसागणिक थोडे बदलतेही. ते बाजूला काढले नाही तर गुरुत्वीय लहर आणि इलेक्ट्रॉनांचा परिणाम यांत फरकच करता येत नाही. इथे खोडदची दुर्बीण उपयोगी पडते. जिथे हा उशीर सर्वांत ठळक दिसतो, त्याच कमी वारंवारतांवर ती संवेदनशील आहे. इंडियन पल्सार टायमिंग अ‍ॅरे या गटातले भारतीय आणि जपानी शास्त्रज्ञ तबकड्यांचे गट पाडून एकच स्पंदक एकाच वेळी दोन पट्ट्यांत पाहतात आणि दोन्हींतल्या फरकावरून इलेक्ट्रॉनांचा वाटा काढतात.

29 जून 2023 रोजी युरोपीय गट आणि भारतीय गट यांनी 25 स्पंदकांच्या सुमारे 25 वर्षांच्या नोंदींचा एकत्र निष्कर्ष मांडला. पाच युरोपीय दुर्बिणींच्या जोडीला सहावी खोडदची होती. अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि चीनमधल्या गटांनीही त्याच दिवशी आपापले निकाल जाहीर केले. सर्वांना हेलिंग्स-डाउन्स संबंधाची खूण दिसली, तरी कोणीही त्याला पक्का शोध म्हटले नाही. हा संयम योग्यच होता, कारण युरोप-भारत निकालाची खात्री सांख्यिकीच्या भाषेत तीन सिग्माच्या आसपास होती आणि शोधासाठी पाच लागतात. ही खात्री वाढवण्याचे मुख्य मार्ग दोन: अधिक स्पंदक आणि अधिक वर्षे. निरनिराळ्या देशांच्या नोंदी एका संचात आणण्याचे काम त्यासाठीच आहे, आणि त्या संचातल्या सर्वांत कमी वारंवारतांच्या नोंदींमध्ये खोडदचा मोठा वाटा आहे.