मशीनने परत टाकलेला रुपया

आजचा भाग पारोळ्याहून, घरच्या ओट्यावरून रेकॉर्ड करतोय. मधेच एखादी मोटरसायकल गेली तर चालवून घ्या.

प्रोजेक्टसाठी सहा महिने अमेरिकेत होतो, तेव्हाची गोष्ट. तिथल्या सुपरमार्केटात कॉइनस्टारचं चिल्लर मोजायचं मशीन असतं. बरणी ओतायची, पावती घ्यायची, काउंटरवर नोटा घ्यायच्या. मशीनला जे ओळखू येत नाही ते खालच्या खाचेत पडतं आणि बरेच लोक ते तिथंच सोडून जातात. मला त्यात एक कॅनडाचं नाणं आणि १९६४ चा क्वार्टर सापडला. अमेरिकेचंच नाणं, मग बाहेर का टाकलं?

कारण ते चांदीचं होतं! आत तारेची कॉइल असते. नाणं जवळून गेलं की धातूत बारीक प्रवाह फिरतात आणि कॉइलचा सिग्नल बदलतो. धातूंमध्ये वीज सगळ्यात चांगली वाहते चांदीतून. १९६४ पर्यंतचा क्वार्टर ९० टक्के चांदीचा, ६.२५ ग्रॅम. १९६५ पासूनचा तांब्याचा, वर तांबं-निकेलचा थर, ५.६७ ग्रॅम. मशीनला नवा माहीत, जुना त्याच्यासाठी एरर. आम्ही कोडवाले पण एररचा लॉग नीट वाचत नाहीच म्हणा.

घरी आलो तर आजीच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी तिच्या डब्यातले पाच रुपये मोडायचं चाललेलं. काकांचा हिशोब सरळ: एक रुपया म्हणजे एक तोळा, ११.६६ ग्रॅम, पाच तोळे चांदी.

मी साल वाचत बसलो. तीन पंचम जॉर्जचे, त्यात ९१.७ टक्के चांदी. एक १९४२ चा. युद्धाच्या काळात, १९४० पासून, रुपयातली चांदी निम्म्यावर आणली होती, वजन मात्र तेच. पाचव्यावर वाघ, साल १९४७. फ्रिजवरचं मॅग्नेट काढून लावलं तर टक्कन चिकटला.

"हाऊ बी चांदीना शे ना रे?" आजीने विचारलं.

नव्हता. तो निकेलचा. चांदी मॅग्नेटला चिकटत नाही.

म्हणजे ५८ ग्रॅम नाही, जेमतेम ३८ ग्रॅम, झीज वेगळी. काका जरा गप्प झाले. ऑपरेशनला कमी पडणारे पैसे मी घालतो म्हटलं. चार रुपये कागदात बांधले, वर प्रत्येकाचं साल आणि चांदी लिहिली, आणि सराफाकडे नेले.

वाघाचा आजीने माझ्या हातातून काढून घेतला. लग्न होऊन आली तेव्हा सासूबाईंनी तिच्या तळहातावर ठेवलेला तोच होता.