पतंगाची शृंगिका आणि अळीची कात

वऱ्हाडातील पऱ्हाटीचे हिरवे बोंड वरून निरोगी दिसते. फोडले की आत सरकी पोखरलेली आणि रुई डागाळलेली आढळते. ही करणी गुलाबी बोंडअळीची. जुने शेतकरी तिला शेंदरी बोंडअळी म्हणत. २००२ साली बीटी कपाशी आली तेव्हा या अळीचा कायमचा बंदोबस्त झाला असे वाटले होते. पुढे अळीने त्या वाणातील विष पचविले आणि २०१७ च्या हंगामात विदर्भातील कापूस तिने मोठ्या प्रमाणावर खाल्ला. त्याच हंगामात, विशेषतः यवतमाळ जिल्ह्यात, फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर दगावले. तेव्हापासून अळीला घातक परंतु माणसाला त्यामानाने निर्धोक असे औषध हा वऱ्हाडात जिव्हाळ्याचा विषय झाला आहे.

कीटकवाढ नियंत्रके ही अशा औषधांपैकी होत. अळीची त्वचा कायटिन नावाच्या कठीण द्रव्याची असते. ती अंगाबरोबर वाढत नाही, म्हणून अळीला वेळोवेळी कात टाकावी लागते. हा व्यवहार दोन संप्रेरकांच्या हुकमाने चालतो. एक कात टाकावयास लावते, तर दुसरे अळीचे बालपण टिकवून धरते. दुसरे ओसरले की अळीचा कोष व कोषाचा पतंग होतो. नियंत्रके या व्यवहारातच बिघाड करतात. काही नवे कायटिन तयार होऊ देत नाहीत, तर काही बालपणाच्या संप्रेरकाची नक्कल करून अवेळी हुकूम सोडतात. मनुष्य कात टाकीत नाही. त्यामुळे त्याला धोका कमी, मात्र मुळीच नाही असे नव्हे. हातमोजे व तोंडावरील फडके येथेही हवेच.

या बिघाडाची खूण पतंगाच्या ज्ञानेंद्रियांवरही उमटते. पतंगाचे नाक म्हणजे त्याच्या डोक्यावरील दोन शृंगिका. त्यांवर अतिसूक्ष्म केस असतात व केसांना त्याहून सूक्ष्म छिद्रे असतात. मादी रात्री जो गंध सोडते तो या छिद्रांतून आत शिरतो आणि नराला वाट सापडते. गुलाबी बोंडअळीच्या मादीचा हा गंध १९७३ साली शास्त्रज्ञांनी ओळखला. कामगंध सापळ्यातील वडीत तोच कृत्रिमरीत्या भरलेला असतो. शृंगिका व तिच्यावरील केस कोषावस्थेत घडतात आणि त्यांचे आवरणही कायटिनचेच असते. म्हणून ऐन घडणीच्या वेळी संप्रेरकांचा मेळ बिघडला, तर पंख चुरगळलेले व शृंगिका खुरटलेल्या असे अर्धवट पतंग निपजतात. ज्याला गंध कळत नाही त्या नराला मादी सापडणे कठीण.

सापळ्यात मात्र गंध कळणारे नरच येतात, हे विसरून चालणार नाही. सलग तीन रात्री दर सापळ्यात आठ किंवा अधिक पतंग आले तर उपाय योजावा, असा संकेत आहे. पतंग कमी आले म्हणून स्वस्थ बसू नये. एकरी वीस हिरवी बोंडे फोडावीत. दोहोंत अळी दिसली तरी फवारणीची वेळ आली असे समजावे.

खरी अडचण वेळेची आहे. अंड्यातून निघालेली अळी लगोलग बोंडात शिरते आणि तिच्या मागे छिद्र बुजून जाते. मग वरून ओतलेले कोणतेही औषध तिच्यापर्यंत पोहोचणे अवघड. नियंत्रकाचा परिणाम सावकाश होतो. तेव्हा सापळ्यात पतंग वाढू लागताच, म्हणजे अंडी पडण्याच्या सुमारास, फवारणी केली तरच उपयोग. बोंडे पोखरल्यावर ते वापरणे म्हणजे पैसा मातीत घालणे होय.

वऱ्हाडातील बांधावरचा कडुनिंब हेही एक वाढ नियंत्रकच आहे. त्यातील अझाडिरॅक्टिन अळीचे खाणे मंदावते आणि कात टाकण्यात अडथळा आणते. पाच किलो निंबोळीचा चुरा रात्रभर पाण्यात भिजवून गाळावा, त्यात दोनशे ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवावा आणि एकूण द्रावण शंभर लिटर करावे. हा झाला पाच टक्के अर्क. पेरणीच्या धांदलीत झाडाखाली पडलेली निंबोळी वेचावयाची राहून जाते. ती वेळीच वेचून सावलीत वाळविली, तर पोळ्याच्या सुमारास हाताशी असते. अर्क त्याच दिवशी, उन्हे कलल्यावर फवारावा. कडक उन्हात अझाडिरॅक्टिन लवकर निकामी होते.