सिमेंटची गोणी आणि उसाचे बिल



उसाचे बिल जमा झाले की गट कार्यालयात पहिला प्रश्न खोडव्याच्या खताचा असायचा. हल्ली तो घराचा असतो. "साहेब, स्लॅब आता टाकू की थांबू?" आम्ही ऊस विकासवाले, गवंडी नव्हे. पण आमचे मूळ गाव गडचांदूर, चंद्रपूर जिल्ह्यातले. आसपास माणिकगड, आवारपूर, उपरवाही असे सिमेंटचे मोठे कारखाने. तेव्हा गोणी महाग का होते, एवढे सांगता येईल.

आमच्याकडे चुनखडी पायाखाली, कोळशाच्या खाणी जवळ, राख चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची. तरी आमच्या घरच्यांना गोणी काही फुकट मिळाली नाही! एक टन क्लिंकरला साधारण दीड टन चुनखडी लागते आणि ती भट्टीत सुमारे १४५० अंशांवर भाजावी लागते. म्हणजे खरा खर्च जळणाचा आणि विजेचा, नंतर वाहतुकीचा. आपल्या बॉयलरला बगॅस घरचाच मिळतो, तसे तिथे नाही. २०२२ साली युक्रेनचे युद्ध सुरू झाले, जगभर कोळसा महागला. चुनखडी होती तिथेच होती, गोणी मात्र महागली.

जुन्या सभासदांना परमिटचे दिवस आठवत असतील. साखरेसारखी सिमेंटलाही लेव्ही होती. फेब्रुवारी १९८२ मध्ये नियंत्रण अर्धे सुटले, मार्च १९८९ मध्ये पूर्ण. तेव्हापासून भाव मागणीवर आणि कारखानदारांच्या मर्जीवर. करही मोठा होता. जीएसटी २८ टक्के होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के झाला. दुकानदाराने ती सूट आपल्याला दिली की नाही, ते पावती मागून बघावे. सळईचे तर २०२२ साली इतके वाढले की त्या मे महिन्यात सरकारने पोलादावर निर्यात शुल्क लावले आणि नोव्हेंबरात काढले.

आता आपल्या बाजूचा हिशेब. एफआरपी २०१८-१९ ला टनाला २७५० रुपये होती, २०२५-२६ ला ३५५० आहे. दिसायला ८०० रुपये वाढ. पण मधल्या काळात पायाभूत उतारा १० वरून १०.२५ टक्के केला आणि तोडणी-वाहतूक त्यातूनच वजा होते. घरकुलाचे तर विचारूच नका. सपाट भागासाठी २०१६ साली ठरलेले १ लाख २० हजार २०२४ साली योजना वाढवतानाही तेवढेच ठेवले.

आमच्या गटातल्या एका सभासदाने गेल्या हंगामाचे बिल घेऊन जोत्यापर्यंत काम नेले. पैसे संपले, काम थांबले. सळया उघड्यावर गंजताहेत, आणि खोडव्याला खतही पडले नाही. त्या माणसाचे दोन्हीकडून नुकसान झाले. म्हणून घर सुरू करण्याआधी सगळा माल मोजावा. उदाहरण घ्या : १० बाय १२ फूट खोलीचा ५ इंची स्लॅब म्हणजे ५० घनफूट, अर्धा ब्रास काँक्रीट. १ : १॥ : ३ प्रमाणाने सिमेंटच्या ११-१२ गोण्या. त्यावर सळई, खडी, वाळू, सेंट्रिंग आणि मजुरी. सिमेंट हा खर्चाचा एकच वाटेकरी आहे.

सगळ्यांची बिले जवळजवळ एकाच काळात येतात, सगळेच पावसाळ्यापूर्वी स्लॅब टाकायला धावतात, मग गवंडीही अडून बसतो. पावसात मागणी मंदावते, पण तेव्हा सिमेंट स्वस्त म्हणून भरून ठेवाल तर फसाल. तीन महिन्यांत त्याची सुमारे पाचवा भाग ताकद जाते, ओल लागली तर गोणीचा दगडच. सळई मात्र कोरड्या जागी, जमिनीपासून उचलून ठेवता येते. ती मंदीत घ्यावी. सिमेंट लागेल तेवढेच. आणि काँक्रीट सैल व्हावे म्हणून गवंडी जादा पाणी ओततो, ते ओतू देऊ नका. पाणी हवे ते स्लॅब पडल्यावर, किमान १० दिवस. उसाला देता तसे पाळीने नव्हे, सतत ओल राहील असे.

पुढच्या महिन्यात बांधकाम काढायचे असेल त्यांनी अंदाजपत्रकाचा कागद आणि खोडव्याच्या खताचा खर्च दोन्ही गट कार्यालयात आणावे. बेरीज आम्ही करून देऊ.

— ऊस विकास अधिकारी