चार तासांच्या आत

पहाटे ४.१५. नोव्हेंबरात श्टुटगार्टला सात वाजून गेल्याशिवाय उजाडत नाही. सामायिक स्वयंपाकघरात या वेळी मोहरी तडतडली की शेजारचा भिंतीवर थाप मारतो, म्हणून फोडणीचा भात रात्रीच करून ठेवतो. डबा घेतो आणि निघतो.

५.००. सुपरमार्केटात माल लावायचा. दूध, दही, लोणी. जवळची तारीख पुढे, लांबची मागे, फुटलेले डबे वेगळे. ताशी १२.८२ युरो, म्हणजे २०२५ चं किमान वेतन. कामात डोकं लागत नाही, बोटं मात्र शीतगृहात बधिर होतात.

८.५८. ट्रॉली भरलेली असली तरी हात थांबतात आणि नऊच्या आत कार्ड दाबलं जातं. शिफ्ट सांभाळणाऱ्या बाईंना सुरुवातीला हा कामचुकारपणा वाटला. मग त्यांना माझ्या निवास-परवान्यातला नियम दाखवला. युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. मार्च २०२४ पर्यंत हाच आकडा १२० आणि २४० होता. अर्धा दिवस म्हणजे चार तासांपर्यंत. दहा मिनिटं जास्त रेंगाळलो तर पगार दहा मिनिटांचा आणि वहीत एक पूर्ण दिवस खर्ची. सत्राच्या पहाटा अशा उधळल्या तर सुट्टीत कारखान्यात पूर्णवेळ काम करायला दिवसच उरणार नाहीत, आणि खरे पैसे सुट्टीतच सुटतात.

९.२०. एस-बानमध्ये बसायला जागा मिळाली. फाइहिंगेनच्या कॅम्पसपर्यंत हिशेबाची वही.

जर्मनीत शिक्षण फुकट, असं पुण्यातले सल्लागार छातीठोकपणे सांगतात. बहुतेक राज्यांतल्या सरकारी विद्यापीठांपुरतं ते खरं आहे. बाडेन-व्युर्टेम्बर्गने मात्र २०१७ च्या हिवाळी सत्रापासून आमच्यासारख्यांना सत्राला १,५०० युरो लावले. माझ्या वहीत ही रक्कम युरोत नाही, तासांत आहे: ११७ तास. वर विद्यापीठाची सत्र-वर्गणी दोनशेच्या आसपास, ती सगळ्यांनाच.

व्हिसासाठी बंद खात्यात ११,९०४ युरो दाखवले. त्यातले महिन्याला ९९२ सुटतात. हा आकडा जगण्याच्या खर्चाचा आहे, फी त्यात धरलेलीच नाही. खोलीचे ३५०, आरोग्य विम्याचे १४५. फीसाठी दरमहा २८५ बाजूला टाकायचे म्हटले तर दोनशेच्या वर थोडे उरतात, आणि त्यात जेवण, फोन, पुस्तकं, हिवाळ्याचे बूट. पहाटेचं काम हौसेचं नाही ते यामुळे. शिवाय परवाना वाढवताना पैशांची सोय पुन्हा दाखवावी लागते, तेव्हा खातं रिकामं करूनही चालत नाही.

९.४५. कंट्रोल इंजिनिअरिंग. पहिला तास नीट समजतो. नंतर खोली ऊबदार असते आणि मी चारपासून जागा असतो. पापण्या जड होतात. पुढच्या बाकावर बसायचं ते हुशारीमुळे नाही, तिथं झोपायची लाज वाटते म्हणून.

१३.०५. इचलकरंजीत साडेपाच वाजून गेलेले असतात. डबा खाता खाता फोन.

"जेवलास का रं?" आई.

"खातोय गं. अण्णा कुठं आहेत?"

अण्णा यंत्रमागावर जॉबर आहेत. त्यांना माझा अभ्यासक्रम कळत नाही, माझी नोकरी मात्र पुरती कळते. "खाडा झाला न्हाई न्हवं?" हा त्यांचा पहिला प्रश्न. तासावर मजुरी म्हटल्यावर ते चकित झाले होते. त्यांच्याकडे विणणाऱ्याला मजुरी मीटरवर, ५२ पिकी कापडाच्या दराने. माग बंद तर पैसे बंद. "म्हंजे डबे न्हाई लावलं तरी तास भरला की पैसं?" असं त्यांनी दोनदा विचारून घेतलं होतं. आई आज बँकेत जाऊन आली. सरकारी बँकेचं कर्ज आहे, घर तारण. हप्ते अभ्यासक्रमानंतर वर्षाने सुरू होतील. व्याज आत्तापासूनच चढतं, ते ती दर महिन्याला भरते. किती भरलं ते सांगत नाही. मीही शीतगृहाचं सांगत नाही.

१४.००. विद्यापीठातल्याच एका संशोधन संस्थेत सहायकाच्या जागेसाठी मुलाखत. प्रयोगांची मोजमापं नीटनेटकी करायची, आलेख काढायचे. विद्यापीठातलं हे काम त्या १४० दिवसांत धरत नाहीत, म्हणून प्रत्येक परदेशी विद्यार्थ्याचा त्यावर डोळा. मुलाखत घेणाऱ्याने गुणपत्रक पाहिलं, दोन प्रश्न विचारले आणि म्हणाला, जानेवारीपासून आठवड्याला आठ तास जमतील का? जमतील, म्हणालो. कुठून काढणार ते त्याने विचारलं नाही.

१५.४५. प्रयोगशाळा.

१८.३०. वाटेत रिकाम्या बाटल्या मशिनात टाकतो. एकदाच वापरायच्या प्लास्टिक बाटलीचे २५ सेंट परत मिळतात. आमच्या मजल्यावरच्या पार्टीनंतर बाटल्या मी उचलतो, हे सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी त्याची चेष्टा करत नाही. चिठ्ठीवर कांदे आणि दूध येतं.

१९.३०. अभ्यास, निदान पुस्तक उघडं. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत पुढच्या सत्राची फी भरायची आणि त्याच सुमाराला परीक्षा. फी हप्त्याने मागितली असती तर निम्मी कटकट मिटली असती. ती एकगठ्ठा लागते, तीही नेमकी अभ्यासाच्या दिवसांत. गेल्या वर्षी वसतिगृहातल्या एकाने जानेवारीभर जादा पाळ्या केल्या, फी वेळेवर भरली आणि दोन विषयांत नापास झाला. एक सत्र वाढलं. म्हणजे पुन्हा १,५००, पुन्हा वर्गणी, वर सहा महिन्यांचं भाडं आणि विमा. ११७ तास कमवायला गेला आणि कितीतरी जास्त देऊन बसला.

२१.१०. शिफ्टवाल्या बाईंचा मेसेज: नाताळाची गर्दी आहे, डिसेंबरात चार शनिवार पूर्ण पाळी करशील का? आठ तासांचे शंभरावर युरो, चार शनिवारांचे चारशे. वहीत पाहिलं. दिवस शिल्लक आहेत. कंट्रोलची उदाहरणं दोन प्रकरणं मागे आहेत.

उत्तर लिहिलं: दोन शनिवार येईन, पहाटे पाच ते नऊ.

त्यांचा अंगठा आला. गजर ४.१५ ला लावला आणि तिसरं उदाहरण घेतलं.