जुलाबातही आतड्याचं दार उघडंच असतं

मृगाच्या पहिल्या सरी पडल्या की विहिरींना नवं, गढूळ पाणी येतं आणि पाठोपाठ जुलाब-उलट्याही. वाशिम जिल्ह्यात मानोऱ्यापासून रिसोडपर्यंत कुठेही जा, अशा वेळी घरातलं एखादं जाणतं माणूस हमखास सांगतं, "लेकराला पाणी पाजू नका, वरून गेलं की खालून निघतं." सांगण्यात माया असते. पण हा सल्ला त्या लेकराच्या जिवावर बेतू शकतो.

लहान आतड्याचं अस्तर मखमलीसारखं असतं. त्यातल्या पेशींवर 'एसजीएलटी-1' नावाचं प्रथिन असतं. ते आपण दार समजू. या दारातून ग्लुकोजचा एक रेणू आत जायचा तर सोबत मिठातल्या सोडियमचे दोन कण लागतात. एकट्याला प्रवेश नाही. जोडी आत गेली की तिच्यामागे पाणी ओढलं जातं. रॉबर्ट क्रेन यांनी ही कल्पना 1960 मध्ये प्रागला मांडली. पटकीसारख्या आजारात मीठ शोषण्याची दुसरी वाट बंद पडते, आतडं उलट पाणी बाहेर टाकू लागतं, पण हे जोडीचं दार चालू राहतं. 1971 मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव छावणीत सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच दारावर भरवसा ठेवला. मीठ-ग्लुकोजचं पाणी पिंपांत भरून त्यांनी ते रुग्णांच्या नातेवाइकांनाच पाजायला सांगितलं. 30 टक्क्यांच्या घरातलं मृत्यूचं प्रमाण 3.6 टक्क्यांवर आलं.

आतडं पाणी किती शोषतं, यात एका वायूचाही हात असतो: नायट्रिक ऑक्साइड. अनेकांना हा फक्त इंजिनाच्या धुरातला विषारी वायू वाटतो, तर काही जण भूल देताना वापरतात तो 'हसवणारा वायू' हाच समजतात. तो वेगळा, नायट्रस ऑक्साइड. नायट्रिक ऑक्साइड आपलं शरीर स्वतःच आर्जिनिन या अमिनो आम्लापासून बनवतं, आणि काही सेकंदांत तो विरूनही जातो. 1998 मध्ये हा वायू रक्तवाहिन्यांना निरोप पोचवतो या शोधासाठी फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना नोबेल मिळालं.

आतड्यातही तो निरोप्याचं काम करतो. नेहमीच्या, अगदी थोड्या प्रमाणात तो मीठ-पाणी शोषायला मदत करतो. संसर्गाने आतडं सुजलं की मात्र एक वेगळं विकर जागं होतं आणि हाच वायू कितीतरी जास्त तयार होतो. मग पारडं फिरतं: शोषण मंदावतं, स्राव वाढतो. प्राण्यांवरच्या प्रयोगांत अशा सुजेत सोडियम-ग्लुकोजची वाहतूकही कमी झालेली दिसली आहे. उंदरांना एरंडेल पाजून लागलेल्या जुलाबांतही या वायूचा हात आढळला. तेव्हा तो चांगला की वाईट, हा प्रश्नच चुकीचा आहे. किती, एवढंच विचारायचं.

मीठ-ग्लुकोजच्या पाण्याचं, म्हणजे ओआरएसचंही तसंच. पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं, पण फोडून अख्खं एका पेल्यात ढवळलं जातं; 'कडक' केलं की लवकर गुण येतो असा समज! गोड जास्त झालं की आतड्यातली साखर पेशींतलं पाणी बाहेर खेचते आणि जुलाब वाढतात. म्हणून तर जागतिक आरोग्य संघटनेने 2002 मध्ये जुनं सूत्र पातळ केलं. आता लिटरला 13.5 ग्रॅम ग्लुकोज आणि 2.6 ग्रॅम मीठ, शिवाय पोटॅशियम क्लोराइड आणि सायट्रेट. नुसती ग्लुकोज पावडर किंवा बाजारातलं गोड पेय याची जागा घेऊ शकत नाही, कारण सोडियम पुरेसं नसेल तर जोडीच जमत नाही. पाकीट नसेल तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला. चमचा सपाट, शिगोशीग नाही.

ओआरएसने जुलाब लगेच थांबत नाहीत, म्हणून 'औषध लागू पडलं नाही' असं म्हणत ते बंद करू नका. त्याचं काम गेलेलं पाणी आणि क्षार भरून काढणं आहे. लहान मुलांना सोबत डॉक्टरांच्या सल्ल्याने 10 ते 14 दिवस झिंक द्यायचं, अंगावरचं दूधही चालू ठेवायचं. आणि सलाईनशिवाय ताकद येत नाही, हेही खरं नाही. शुद्धीवर असलेल्या, पिऊ शकणाऱ्या बहुतेक रुग्णांना तोंडाने दिलेलं पाणी पुरतं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून चमच्या-चमच्याने पुन्हा सुरू करा.

पण डोळे खोल गेले, लघवी थांबली, मूल मलूल पडलं किंवा शौचात रक्त दिसलं, तर वाट न पाहता दवाखाना गाठा, आणि वाटेतही पाजत राहा. गावातल्या आशाताईंकडे ओआरएसचं पाकीट मोफत मिळतं. पावसाळ्याआधीच दोन आणून फडताळात ठेवा.