दिव्याखालचा अंधार

लोलकाच्या प्रयोगात आपण दोऱ्याची लांबी बदलतो, पण गोळा तोच ठेवतो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा प्रयोगाचा पहिला नियम. पण लोलकाच्या जागी माणसे असली तर?

अमेरिकेत शिकागोजवळ वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा टेलिफोनची सामग्री बनवणारा हॉथॉर्न नावाचा प्रचंड कारखाना होता. उजेड वाढवल्याने काम वाढते का, हे पाहण्यासाठी तेथे १९२४ साली प्रयोग सुरू झाले. कामगारांच्या एका गटाचे दिवे बदलले, दुसऱ्याचे तसेच ठेवले. आश्चर्य असे, की काम दोन्ही गटांत वाढले!

पुढे १९२७ साली पाच तरुणींना वेगळ्या खोलीत बसवले. सुमारे ३५ सुटे भाग जोडून रिले तयार करणे हे त्यांचे काम. त्यांना मधली विश्रांती दिली, कामाचे तास कमी केले. उत्पादन एकंदरीत वाढत गेले. या सवलती काही काळ काढून घेतल्या, तरी एकूण उत्पादन घसरले नाही! येथे मोकळेपणा वाटतो, असे त्या सांगत. आपली कोणी दखल घेते, या जाणिवेनेच माणूस उत्साहाने काम करतो, असा अर्थ अनेकांनी काढला. त्यालाच 'हॉथॉर्न परिणाम' म्हणू लागले.

पण जरा थांबा! त्या खोलीत आणखी काय बदलले होते? मजुरी आता मोठ्या खात्याऐवजी या छोट्या गटाच्या उत्पादनावर ठरत होती. मुकादमाचा धाक कमी झाला होता. शिवाय १९२८ च्या जानेवारीत, फार बोलतात म्हणून दोघींना काढून त्यांच्या जागी नव्या दोघी आणल्या होत्या. मग वाढीचे श्रेय कोणाला द्यायचे?

दिव्यांच्या प्रयोगाचे जुने आकडे लेविट आणि लिस्ट या अर्थशास्त्रज्ञांनी पुन्हा तपासून २०११ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. दिवे रविवारी, सुट्टीच्या दिवशी, बदलले जात. सोमवारी काम शनिवारपेक्षा जास्त होई. पण दिव्यांना हातही न लावलेल्या आठवड्यांतही सोमवारी तसेच होई! दिवे मोजताना दिव्याखालचा अंधार पाहायचा राहून गेला होता.

याचा अर्थ चांगला उजेड, विश्रांती आणि आपुलकी निरुपयोगी आहेत, असा मुळीच नाही. कोणाचा वाटा किती, हे मात्र या प्रयोगांवरून ठरत नाही. 'अमुक केले आणि शाळेचा निकाल वाढला' असे कोणी सांगितले, तर नम्रपणे विचारा: त्याच वेळी आणखी काय काय बदलले होते?